बुडबुडे आहेत का?

त्यांचं खरं आडनाव विजेच्या बिलावर होतं आणि तिथेच राहिलं. बाकी सगळं जग त्यांना बुडबुडे म्हणूनच ओळखत होतं. नव्या गिऱ्हाइकाला ते आडनावच वाटे. कुणी बुडबुडेसाहेब म्हणे, कुणी बुडबुडेकाका. एका लग्नात तर यजमानांनी माईकवरून 'श्री. व सौ. बुडबुडे यांनी जेवून घ्यावे' असा पुकारा केला होता. तेव्हा सौ. बुडबुडे यांनी नवऱ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की श्री. बुडबुडे यांना पुढचा घास पाण्याबरोबर गिळावा लागला.

धंदा रेडिएटर दुरुस्तीचा. हमरस्त्यालगतच्या पत्र्याच्या शेडांच्या रांगेत शेवटून दुसरी शेड त्यांची. आत एक कामाचं टेबल, भिंतीला टांगलेल्या पितळी जाळ्या, झाळकामाचा दिवा, आणि मधोमध सिमेंटचा एक हौद. हौदातलं पाणी कोणत्या रंगाचं, हे सांगणं अवघड होतं. पाहणाऱ्याची कुवत आणि त्या दिवशीची गाडी यांवर ते अवलंबून असे. गळका रेडिएटर आला की बुडबुडे त्याची सगळी तोंडं बंद करत, नळीने आत हवा भरत, आणि हौदात बुडवून वर बसून राहत. भोक असेल तिथून बुडबुडा येई. बोट ठेवायचं, खूण करायची, बाहेर काढून कथील वितळवून झाळायचं, पुन्हा बुडवायचं. बुडबुडा नाही तर भोक नाही. हातच्या कांकणाला आरसा कशाला? या एका वाक्यावर त्यांचा संसार उभा होता, आणि देव आहे की नाही याबद्दल लोक वाद घालतात तेव्हा देवालाच हौदात बुडवून का बघत नाहीत, असा बुडबुड्यांचा एकूण सूर असे.

त्यांचा एक ठरलेला विनोद होता. दारात उन्हाकडे पाठ करून एखादा नवा माणूस उभा राही आणि विचारी, "बुडबुडे आहेत का?" हौदातला रेडिएटर धड असला की बुडबुडे मान वर न करता म्हणत, "नाहीत." तो माणूस बिचारा परत फिरे. शेजारचा गिअरवाला त्याला हाक मारून माघारी पाठवी, आणि मग दोघे तोच विनोद पहिल्यांदाच झाल्यासारखे हसत.

हा गिअरवाला म्हणजे गिअरबॉक्स उघडणारा. शेवटची शेड त्याची. दोघांच्या शेडा एकाच भिंतीला टेकलेल्या, दोघांचे डबे एकाच बाकावर उघडत, आणि एकमेकांच्या धंद्याबद्दल दोघांचं मत वाईट. गिअरवाल्याच्या मते रेडिएटर म्हणजे नळ दुरुस्ती. बुडबुड्यांच्या मते गिअरबॉक्स उघडणारा माणूस म्हणजे शंभर तुकडे काढून नव्व्याण्णव परत बसवणारा.

अलीकडे बुडबुड्यांचा धंदा आटला होता. नव्या गाड्यांना प्लॅस्टिकच्या टाक्यांचे रेडिएटर आले. ते झाळता येत नाहीत. फुटले की फेकायचे आणि नवे बसवायचे. बुडबुडे त्या प्लॅस्टिकला पाण्यात पाहत. हा वाक्प्रचार त्यांच्याइतका शब्दशः कुणी पाळला नसेल.

त्यांची स्वतःची गाडी मात्र जुन्या वळणाची होती. उंच, रुंद, ऑटोमॅटिक गिअरची एसयूव्ही. कुठल्याशा कंपनीचा मोठा अधिकारी बदली होऊन जाताना ती टाकून गेला, ती बुडबुड्यांनी उचलली. पत्रा गंजला होता, मागच्या दाराला आतून कडी होती, पण पुढे पितळी रेडिएटर होता आणि त्यातला इंच न् इंच बुडबुड्यांनी स्वतः झाळलेला होता. बायको म्हणायची, यांनी माझ्या डोक्यावरून कधी हात फिरवला नाही, तेवढा त्या जाळीवरून फिरवला.

बायको गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात काजं पाडायच्या यंत्रावर होती. दिवसभर कापडाला भोकं पाडायची. नवरा भोकं बुजवतो आणि मी पाडते, असं ती आल्यागेल्याला सांगे. मूत्रपिंडं निकामी झाली तेव्हा कारखाना सुटला, जीभ तेवढी कामावर राहिली.

तेव्हापासून एक दिवसाआड डायलिसिस. इस्पितळ डोंगरापलीकडच्या शहरात. चढ लांबलचक, वळणाचा, पुढे ट्रक. त्या चढावर इंजिन तापे. तापलं की बुडबुडे एक जुनी युक्ती करत: गाडीतला हीटर पूर्ण सोडायचा. इंजिनाची उष्णता त्या वाटेने आत येते आणि इंजिनाला तेवढाच उतार पडतो. भर उन्हाळ्यात काचा लावून हीटर चालू ठेवणारं वेड दुसऱ्या कुणाच्या बायकोने सहन केलं नसतं. पण हिला त्या आजारात सदैव थंडी वाजे. अंगावर शाल, पायांवर गरम वारा, आणि शेजारी घामाने निथळणारा नवरा. "एवढ्या वर्षांत पहिल्यांदा," ती म्हणायची, "तुमच्या गाडीचं आणि माझं एकमत झालंय."

भांडण होतं ते पाण्यावरून. तिला पाणी मोजून. दिवसाचा प्याला ठरलेला; तो संपला की बर्फाचा खडा जिभेवर ठेवायचा आणि गप्प बसायचं, जे तिला त्यातल्या त्यात जास्त जड जाई. आणि सीटमागे रेडिएटरसाठी पाण्याचा मोठा कॅन कायम भरलेला. बुडबुडे वाटेत थांबून गाडीला पाणी पाजत, ती काचेतून बघत बसे. एकदा म्हणाली, "पुढच्या जन्मी मला तुमची बायको नका करू, रेडिएटर करा. निदान पोटभर प्यायला मिळेल."

इस्पितळातली खोली बुडबुड्यांना आवडायची. असं म्हणायला त्यांना लाज वाटे, पण आवडायची. बाकी इस्पितळात काय चाललंय ते त्यांना कधी कळलं नाही. या खोलीत मात्र नळ्या होत्या, पंप होता, दाबाचे काटे होते. यंत्र सांभाळणाऱ्या सिस्टरने त्यांना एकदा समजावून दिलं होतं. त्या नळकांड्याच्या आत एका बाजूने रक्त जातं, दुसऱ्या बाजूने औषधी पाणी, मध्ये केसाहून बारीक पडदा. रक्तातली घाण पडदा ओलांडून पाण्यात उतरते. "दोघांची भेट होते, पण सरमिसळ होत नाही," सिस्टर म्हणाली. "पडदा फाटला तर संपलं. म्हणून यंत्र सतत पहारा करतं. आणि नळीत हवेचा एवढासा बुडबुडा आला तरी बोंब मारतं."

बुडबुडे इतके खूश झाले, की त्यांनी बायकोला हलवून सांगितलं, "बघ, इथंसुद्धा बुडबुडाच."

ती डोळे न उघडता म्हणाली, "माझ्या नशिबात दोन्हीकडे तोच."

त्या उन्हाळ्यात गाडी बिघडायला लागली. आधी नुसती नेहमीपेक्षा जास्त तापली. मग चढावर गिअर सटकू लागला. पाय दाबला की इंजिन ओरडे आणि गाडी विचार करून मग पुढे जाई. बुडबुड्यांनी ती गिअरवाल्याच्या शेडसमोर लावली. गिअरवाल्याने गिअरच्या ऑइलची दांडी उपसली आणि पांढऱ्या फडक्यावर पुसली. गिअरचं ऑइल तांबडं, पारदर्शक असतं. फडक्यावर आलं ते गुलाबी दूध होतं.

गिअरवाल्याने फडकं नाकाशी नेलं, बोटांत चोळलं, आणि म्हणाला, "कुठंतरी पाणी मुरतंय."

तो विनोद नव्हता. ऑटोमॅटिक गिअरचं ऑइल फार तापतं, म्हणून या जुन्या गाड्यांत ते थंड करायला रेडिएटरच्या खालच्या टाकीतून फिरवून आणतात. टाकीच्या पोटात एक पितळी नळी असते. नळीतून ऑइल जातं, बाहेरून पाणी. मध्ये नळीची पातळ भिंत. ती भिंत आतल्या आत कुजली तर बाहेर थेंबही गळत नाही. पाणी मुकाट्याने गिअरमध्ये जातं. गिअरवाल्याचं म्हणणं सरळ होतं: हा रेडिएटर काढ, दुसरा बसव, मग मी ऑइल धुऊन काढतो. उशीर केलास तर गिअरच्या चकत्यांचा लगदा होईल.

बुडबुड्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. माझा रेडिएटर? मी झाळलेला? त्यांनी तो तिथल्या तिथे उतरवला, उचलून आपल्या शेडमध्ये नेला. गिअरवाला मागोमाग आला. बायको त्या दिवशी सोबत होती. ती स्टुलावर शाल गुंडाळून बसली.

बुडबुड्यांचं काम नेहमी नीटनेटकं. पाण्याची दोन मोठी तोंडं बंद केली. मग खालच्या टाकीला ऑइलच्या नळीची दोन बारीक तोंडं होती, त्यांवर रबराची दोन काळी बुचं बसवली. हे ते कायमच करत. हौदातलं घाणेरडं पाणी ऑइलच्या वाटेत जाऊ नये, एवढाच हेतू.

"ती बुचं कशाला?" बायकोने विचारलं.

"घाण आत जाऊ नये म्हणून."

"आणि आतली घाण बाहेर यायची असेल तर?"

तिला गाडीतलं काही कळत नव्हतं. बोलायचं म्हणून बोलली. बुडबुडे हसले, गिअरवालाही हसला. हवा भरली, रेडिएटर हौदात गेला. तिघे वाकून बघत राहिले. पाणी स्थिर झालं, पृष्ठभागावर शेडच्या पत्र्याचं प्रतिबिंब नीट दिसायला लागलं. एकही बुडबुडा आला नाही.

"नाहीत," बुडबुडे म्हणाले.

हवा पाण्याच्या वाटेत भरली होती. आतली नळी फाटलेली असती, तर ती हवा ऑइलच्या वाटेत शिरून त्या दोन बारीक तोंडांतून बाहेर आली असती. त्या दोन तोंडांना बुचं होती. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण हे त्या क्षणी त्या शेडमध्ये कुणाच्याच डोक्यात आलं नाही. बुडबुड्यांच्या आलं नाही, कारण त्यांचा हात ते काम इतकी वर्षं करत होता, की डोक्याला त्यात लक्ष घालायचं कारण उरलं नव्हतं. गिअरवाल्याच्या आलं नाही, कारण हौद त्याचा प्रांत नव्हता.

मग दुधाचं काय? बुडबुड्यांनी उत्तर शोधलं. मागे पुलाखालच्या तुंबलेल्या पाण्यातून गाडी काढली होती, तेव्हा पाणी दांडीच्या वाटेने वरून शिरलं असणार. गिअरवाला काही वेळ दाढी खाजवत उभा राहिला. त्याला पटलं नव्हतं. तो एवढंच म्हणाला, की मी असतो तर बदलला असता. बुडबुडे म्हणाले, धडधाकट रेडिएटर काढून टाकायला मी काय प्लॅस्टिकवाला आहे? गिअरवाल्याने वाद सोडला. ऑइल काढलं, धुतलं, नवं भरलं. जुन्या मैत्रीचा एक तोटा असतो: माणूस कुठे गप्प बसला, की पुढचा त्याला होकार समजतो.

बायको घरी जाताना म्हणाली, "त्याचं ऐकलं असतंत तर काय बिघडलं असतं?"

"तू हौदात बघितलंस ना?"

"बघितलं. मला त्यात तुम्हीच दिसलात."

नव्या ऑइलवर गाडी काही दिवस गुण्यागोविंदाने चालली. बुडबुड्यांनी ते जाता-येता गिअरवाल्याला ऐकवलं. गिअरवाला डबा खात राहिला.

मग एकदा डायलिसिसला खाडा पडला. यंत्रांची दुरुस्ती होती, पाळी एक दिवस पुढे गेली. अशा लांबलेल्या फटीत या रोग्यांच्या अंगात पाणी साठतं आणि रक्तात क्षार चढतात. सिस्टरने फोनवर बजावलं होतं, उद्या सकाळी लवकर आणा, खुर्ची राखून ठेवते, उशीर नको. सकाळी बायकोचे पाय सुजले होते, चेहरा फुगला होता. पायऱ्या उतरताना दोनदा टेकली. दुसऱ्यांदा टेकली तेव्हा काही बोलली नाही, हे बुडबुड्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी ते बाजूला ठेवलं.

चढाच्या पायथ्यापर्यंत ठीक होतं. पहिल्या वळणावर काटा वर सरकला. त्यांनी सवयीने हीटर सोडला. तिने शाल खांद्यावरून काढून टाकली.

"गरम होतंय?" त्यांनी विचारलं.

"हो," ती म्हणाली.

तिला गरम होण्याची त्यांना सवय नव्हती. त्यांनी हीटर बंद केला, काटा आणखी चढला, पुन्हा चालू केला. ट्रकच्या मागून बाहेर निघायला पाय दाबला आणि इंजिन एकदम मोकळं सुटून ओरडलं. गाडी पुढे गेली नाही. थांबली, मग मागे सरकू लागली. त्यांनी ब्रेक दाबला, उतरून मागच्या चाकाला दगड लावला. बॉनेट उघडलं. रेडिएटर कोरडा होता. बाहेर कुठेही ओल नव्हती. खाली रस्ता कोरडा, जाळी कोरडी, नळ्या कोरड्या. एवढं पाणी गेलं कुठे, याचं उत्तर त्यांच्या डोळ्यांसमोर होतं, आणि ते बाहेरच शोधत राहिले.

कॅनमधलं पाणी घालून बघितलं. इंजिन थंड झालं, पण गिअर कुठलाच लागेना. गाडीला गिअरचा दांडा होता, पेडल होतं, सगळं होतं. फक्त इंजिनाचं आणि चाकांचं बोलणं बंद झालं होतं.

त्यांनी गिअरवाल्याला फोन केला, मग इस्पितळाला. रुग्णवाहिका पलीकडच्या बाजूने निघाली. तिलाही तोच चढ, तेच ट्रक. जाणाऱ्या गाड्यांना हात दाखवला. दोन थांबल्या. एकीत जागा नव्हती, दुसरीतल्या माणसाने बायकोकडे पाहिलं आणि म्हणाला, वाटेत काही झालं तर? त्याचंही चुकलं नव्हतं.

त्यांनी तिला मागच्या सीटवर आडवं केलं होतं. श्वास वरवरचा.

"पाणी," ती म्हणाली.

कॅनच्या तळाशी पाणी होतं. चांगलं, घरून भरलेलं. बुडबुडे कॅन हातात घेऊन उभे राहिले. पाणी द्यायचं नाही हे त्यांना इतकं पढवलेलं होतं, की त्यांनी आधी घड्याळाकडे पाहिलं, आजचा प्याला झाला का ते आठवलं. मग कॅनचं झाकण उलटं केलं, त्यात भरेल एवढं पाणी घेतलं आणि तिच्या ओठांना लावलं. ती प्यायली. रिकाम्या झाकणाकडे बघितलं.

"गाडीला अख्खा कॅन," ती म्हणाली, "आणि मला बूच."

त्यानंतर तिने एकदाच 'अहो' म्हणून हाक मारली. रुग्णवाहिका आली तेव्हा तिच्यातल्या माणसांनी घाई केली, छाती दाबली, तोंडाला नळी लावली. बुडबुडे दाराशी कॅन धरून उभे. त्या माणसांनी मग घाई केली नाही, तेव्हा त्यांना समजलं. गिअरवाला आपली ओढगाडी घेऊन पोचला. त्याने बॉनेटखाली पाहिलं नाही, मागच्या सीटकडेही पाहिलं नाही. बुडबुड्यांच्या हातातून कॅन काढून घेतला आणि त्यांना रुग्णवाहिकेत चढवलं.

खुर्ची दुपारपर्यंत राखून ठेवली होती, असं सिस्टर नंतर म्हणाली. सांत्वन म्हणून म्हणाली.

पुढचे दिवस माणसांचे गेले. नातेवाईक आले, कारखान्यातल्या बायका आल्या. सगळ्यांनी गाडीला दोष दिला. जुनी गाडी, खडा चढ, त्यात उन्हाळा. कुणाच्या हातात काय असतं? बायकोची धाकटी बहीण म्हणाली, "भावजी, तुम्ही तुमच्या परीने सगळं केलंत." बुडबुड्यांनी मान हलवली. लोक मान हलवण्याचा अर्थ आपल्याला हवा तसा घेतात.

गाडी गिअरवाल्याच्या शेडमागे ओढून ठेवली होती. एका दुपारी, बुडबुडे घरी असताना, गिअरवाल्याने खालचा नट सैल करून ऑइल परातीत काढलं. ते गुलाबी होतं, दाट होतं, आणि त्यात चकत्यांचा भुगा होता. परात भरून वाहू लागली. निम्म्याच्या वर पाणीच होतं. त्याने ते पिंपात ओतलं, झाकण लावलं, परात घासून पालथी घातली. बुडबुड्यांना त्याबद्दल तो बोलला नाही. ते आले की डब्यातलं अर्धं त्यांच्यापुढे सारायचा आणि बाजारभावाबद्दल बोलायचा. तोंडाला बूच म्हणतात ते हे.

एक दिवस सकाळी बुडबुड्यांनी कुणाला न विचारता रेडिएटर उतरवला. आपल्या शेडमध्ये नेला. पाण्याची दोन मोठी तोंडं बंद केली. हात सवयीने फळीवरच्या डबीकडे गेला, रबराची बुचं उचलली, एक बसवलंही. दुसरं बोटांत राहिलं. ते त्याच्याकडे बघत उभे राहिले. फार वेळ नव्हे. समजायला फार वेळ लागेल असं त्यात काही नव्हतंच. इस्पितळातल्या खोलीत ते शिकवूनही झालं होतं. त्यांनी बसवलेलं बूच उपटून काढलं आणि दोन्ही खिशात टाकली.

हवा भरली. रेडिएटर हौदात उतरवला.

पाणी स्थिर व्हायलाही थांबावं लागलं नाही. ऑइलच्या बारीक तोंडातून बुडबुड्यांची माळ सुटली आणि सुटतच राहिली. बाहेरून जाळी निर्दोष होती. एकही झाळ सुटलेली नव्हती. त्यांचं सगळं काम जागच्या जागी होतं.

दाराशी सावली पडली. गिअरवाला होता. एरवी तो हाक न मारता, चप्पल न झटकता, शिवी देतच आत यायचा. आज उंबऱ्याबाहेर उभा राहिला. आपल्या शेडमागच्या गाडीच्या पुढे रेडिएटरच्या जागी पडलेलं भगदाड त्याने पाहिलेलं होतं, आणि पत्र्याआडून हवेची नळी फुसफुसताना ऐकलेली होती. त्याने परक्या गिऱ्हाइकासारखं विचारलं,

"बुडबुडे आहेत का?"

बुडबुड्यांनी मान वर केली नाही.

"आहेत," ते म्हणाले. मग म्हणाले, "आत आहेत."